बकऱ्या गाभडल्या, महिन्याभराने बाबांना ताप. टायफॉईडचं औषध झालं तरी जात नाही

राऊकर

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळं लिहितो.

आम्ही इंदूरचेच, पणजोबांपासून. बाबा बँकेतून रिटायर झाल्यावर राऊच्या पुढे महूच्या बाजूला थोडी जमीन होती, तिथे त्यांनी बकऱ्यांचा गोठा टाकला. आधी हौस होती, आता तीसेक नग आहेत, बहुतेक सिरोही, थोड्या बरबरी. दिवाळीनंतर मंडीतून पाच-सहा गाभण सिरोही आणल्या. दिसायला एकदम फर्स्टक्लास, अंगावर चमक, खाण्यापिण्याची तक्रार नाही. संक्रांतीच्या सुमाराला त्यातली एक गाभडली, म्हणजे पिल्लू अर्ध्यात पडलं, चौथा महिना चालू असेल. पाठोपाठ दुसरी. मग आमची घरची जुनी बरबरी, जी दरवेळी न चुकता जुळी देते, तीही. तिची वार (प्लॅसेंटा) अडकून राहिली. बाबांनी आणि गोठ्यावर काम करणाऱ्या पोराने मिळून ती हाताने काढली. हातमोजे वगैरे आमच्याकडे कुणी घालत नाही, आजूबाजूच्या गोठ्यांवरही नाही. साबणाने हात धुतले की झालं.

महाशिवरात्रीच्या आसपास बाबांना ताप सुरू झाला. सकाळी माणूस ठीक असतो, पेपर वाचतो, माझ्याशी भांडतो. चार-पाच वाजले की अंग मोडून येतं, थंडी भरते आणि रात्री इतका घाम की बनियन पिळून काढावं. कंबर अशी धरली आहे की पलंगावरून उठताना खिडकीचे गज पकडतात. घराजवळच्या डॉक्टरांनी रक्ताची विडाल टेस्ट केली, टायफॉईड म्हणाले, इंजेक्शनचा कोर्स दिला. ताप उतरला, काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. आता आत्याने टीबीचं खूळ डोक्यात घातलंय, त्यामुळे घरात सगळ्यांची भांडी वेगळी चालू आहेत.

बकऱ्यांचा आणि या तापाचा काही संबंध असू शकतो का? डॉक्टरांशी बकऱ्यांचा विषय निघालाच नाही. आणि दुसरं म्हणजे वहिनीला सातवा महिना आहे, घर एकच. दूध घरी उकळूनच घेतो, पण बाबा गोठ्यावर धारोष्ण पितात. त्यांना ते औषध वाटतं.

छत्रीबाग

भिया, टायफॉईड एकदा मुरला की असाच उलटतो. आरओचं पाणी द्या, आठ दिवस मुगाची खिचडी. आणि गाभडणाऱ्या बकऱ्या कशाला पोसताय? मंडीत काढून टाका, नवा माल भरा. तेवढंच नुकसान कमी.

गुरांचा डॉक्टर

छत्रीबागवाल्यांचा सल्ला आधी बाद करतो, मग बाकीचं.

गाभडलेली बकरी मंडीत सोडायची म्हणजे तुमच्या गोठ्यातलं दुखणं पुढच्याच्या दारात बांधायचं. तुमच्याकडेही ते बहुधा असंच आलं आहे. कुणाच्या तरी कळपात गाभडायला सुरुवात झाली आणि त्याने ‘माल काढून टाकला’. २००९ साली केंद्राने जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा केला, त्यात असं जनावर बाजारात नेण्याला बंदी आहे. कोण पाळतं, ते सोडा.

आता बाबा. मी महूच्या कॉलेजात शिकलो आणि नोकरी धार, झाबुआ, खरगोन अशी माळवा-निमाडात काढली. माणसांचा डॉक्टर नाही, म्हणून निदान करत नाही. पण संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, धरलेली कंबर, मधे बरं वाटून पुन्हा उलटणं, आणि त्याआधी काही आठवडे गाभडलेल्या बकरीची वार उघड्या हाताने काढणं, हे सगळं एका दमात सांगितलंत तर चांगला फिजिशियन ब्रुसेला या जंतूचा विचार केल्याशिवाय राहणार नाही. अडचण एवढीच की हे एका दमात कुणी सांगत नाही. पेशंट म्हणतो ताप आहे, डॉक्टर म्हणतात रक्त तपासा, आणि बकरी दोघांच्या मधे येतच नाही. ओपीडीत पन्नास माणसं रांगेत असताना डॉक्टर ‘काय काम करता’ हे विचारतीलच असं धरून चालू नका. उद्या समोर बसलात की तापाच्या आधी धंदा सांगा, आणि मग ते वारेचं सांगा. तुमचे बाबा ‘बँकेतून रिटायर’ एवढंच सांगतील, त्यांना बोलू देऊ नका.

हे जंतू वारेत, गर्भाच्या पाण्यात आणि पडलेल्या पिल्लाच्या अंगावर अतोनात असतात. जायला वाट फार मोठी लागत नाही. नखाच्या कडेला सोललेलं कातडं पुरतं, डोळ्यात उडालेला थेंब पुरतो, कोंदट गोठ्यातला श्वासही पुरतो. वर धारोष्ण दूध आहेच. ‘दिसायला फर्स्टक्लास’ हे तुम्ही लिहिलंत ते वाचून हसू आलं. माल्टा बेटावर इंग्रजांचे सैनिक असल्याच तापाने वर्षानुवर्षं झिजत होते. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये झामित नावाच्या तिथल्याच डॉक्टरने बकऱ्यांचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं की धडधाकट, भरपूर दूध देणाऱ्या बकऱ्याच तो दुधातून वाटत होत्या. पुढच्या वर्षी सैन्याने बकरीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्याने खाली आला. एकदा गाभडून गेली की बकरी पुढे ठणठणीत दिसते, कधी पुढचं वेत पूर्णही करते. आणि दुधातून जंतू सोडत राहते.

मला स्वतःला हा प्रसाद मिळता मिळता राहिला. सरकारी कार्यक्रमात गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या माद्यांना ब्रुसेलाची लस देतात. ती जिवंत जंतूंची लस आहे. धार जिल्ह्यात एका वाड्यात कालवडीने मान झटकली आणि सुई माझ्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी शिरली. ताप येण्याची वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी फिजिशियन गाठला, तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन खाल्लं. रिफाम्पिसिनने लघवी शेंदरी होते हे आमच्या ड्रायव्हरला कळलं आणि त्याने ते सगळ्या तालुक्याला सांगितलं. (बाबांना हे औषध चालू झालं तर घाबरू नका, म्हणून लिहिलं.) आजार झाल्यावर मात्र तीन आठवड्यांनी भागत नाही, सहा आठवडे किमान, आणि मणक्यात शिरला असेल तर त्याहून बरंच लांबतं. ताप गेला म्हणून गोळ्या मधेच सोडल्या की तो उलटतो, आणि लोक हमखास सोडतात.

बकऱ्या गाभडतात त्याला ब्रुसेला हे एकच कारण नाही. क्यू फीव्हर आहे, क्लॅमिडिया आहे, टोक्सोप्लाझ्मा आहे. क्यू फीव्हर तर कत्तलखान्यातच सापडला, ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला, १९३५ मध्ये. मांस कापणाऱ्या कामगारांना ताप येत होता आणि कारण लागत नव्हतं, डेरिक नावाच्या डॉक्टरने ते लावून धरलं. त्याचे जंतू वाळलेल्या वारेच्या धुळीतून उडतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. तिथे आता कत्तलखान्यातल्या लोकांना त्याची लस देतात. तेव्हा माणसांच्या डॉक्टरांना ‘ब्रुसेला बघा’ एवढंच सांगून थांबू नका, ‘बकऱ्या गाभडल्या आहेत’ हे सांगा. पुढचं ते बघतील.

वहिनीबद्दल मात्र थांबून विचार करायचा नाही. वर जी चार नावं लिहिली त्यातलं प्रत्येक गरोदर बाईला धोक्याचं आहे. तिने गोठ्याकडे फिरकायचं नाही, गोठ्यातले कपडे-बूट घरात आणायचे नाहीत, ते धुण्याचं काम तिच्याकडे नको, आणि तिच्या डॉक्टरीणबाईंना आजच कळवा. औषधं गरोदरपणात वेगळी असतात, त्यामुळे बाबांच्या पाकिटातली गोळी तिला कुणी शहाणपणाने देऊ नये. बाबांपासून तिला लागण होण्याची भीती जवळपास नाही. माणसातून माणसाला हा रोग क्वचितच जातो, तेव्हा भांडी एकत्र करा, आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

उकळलेल्या दुधाला काही होत नाही. खरवसही वाफवलेला असतो, चालतो. बाबांचं धारोष्ण मात्र बंद.

आणि तुम्ही लिहिलंय की वार बाबांनी आणि पोराने मिळून काढली. तो पोरगा कुठे आहे?

स्नेहलतागंज

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते. विडालचा आकडा काय होता? १:८० वर टायफॉईड म्हणून सोडून दिलेले रिपोर्ट मी रोज बघते. आपल्याकडे इतका टायफॉईड आहे की एवढा आकडा धडधाकट माणसाच्या रक्तातही निघतो. ब्रुसेलासाठी आधी रोझ बंगाल ही टेस्ट करतात, ती काही मिनिटांत होते, मग ट्यूबमधली एसएटी. त्यात १:१६० किंवा वर आणि सोबत लक्षणं असली की डॉक्टर गांभीर्याने घेतात. नुसत्या आकड्यावर नाही, कारण दुसऱ्या एक-दोन जंतूंमुळेही ही टेस्ट फसते.

खरी विनंती वेगळी आहे. ब्लड कल्चर पाठवलं तर फॉर्मवर मोठ्या अक्षरात ‘ब्रुसेलाचा संशय’ लिहायला लावा. हा जंतू सावकाश वाढतो, माहीत असेल तर बाटली जास्त दिवस ठेवता येते, हे एक. दुसरं, हा लॅबवाल्यांनाच गाठतो. प्लेट उघडून वास घ्यायची जुनी खोड काही लोकांना अजून आहे. २०१९ मध्ये चीनमध्ये लांझोऊ इथे लस बनवणाऱ्या कारखान्यात जंतुनाशक मुदत संपलेलं वापरलं, हवेतून जंतू बाहेर गेला आणि तीन हजारांहून जास्त लोकांना लागण झाली. त्यातल्या कित्येकांनी आयुष्यात बकरीला हात लावला नसेल. फॉर्मवर दोन शब्द लिहायला कुणाचं काय जातं?

मुंडीपाया

आमचं मटणाचं दुकान, आजोबांपासून. हे सगळं वाचून घरी थोडी शांतता पसरली आहे, धन्यवाद.

आमच्या धंद्यात लोक मटणाला घाबरतात, पण मटण सगळ्यात शेवटी येतं. त्याआधी सोलणं आहे, कोथळा काढणं आहे, वजडी धुणं आहे. वजडी धुतात बायका, बसून, कोपरापर्यंत हात घालून, आणि त्यांना कुणी कामगार म्हणतही नाही. जुने लोक सोलताना दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून सुरी दातात धरतात. माझे काका धरायचे. काही जण तर पायाजवळ चीर देऊन तोंडाने फुंकतात, म्हणजे कातडं सुटतं. हे मी बंद केलं, सायकलचा पंप ठेवला आहे. पोरं हसली, मग पंपाने काम लवकर होतं म्हटल्यावर गप्प झाली.

कधी कधी गाभण बकरी कापायला येते. आणायची नसते, पण येते. तेव्हा पिशवी फुटली की सगळं पाणी अंगावर. आजवर मी ते फक्त घाण समजत होतो.

दोन प्रश्न. बोटावर मधे लाल-पांढरा गोल फोड आला होता, दुखत नव्हता फार. डॉक्टरने कापून बघू म्हटलं, मी पळालो, महिन्या-दीड महिन्यात गेला. ते काय? आणि लिव्हरवर पाण्याच्या पिशव्या निघतात ते लिव्हर आम्ही कुत्र्यांना टाकतो. त्याने काही होतं का?

गुरांचा डॉक्टर

पंपाची कल्पना उत्तम आहे, सगळ्या कत्तलखान्यांत लावली पाहिजे.

फोड बहुधा मावा. बकऱ्यांच्या ओठांवर खपल्या येतात ना, तोच विषाणू हाताच्या चिरेतून आत जातो. आपोआप बरा होतो, कापायचा नसतो, पळालात ते बरं केलंत. पण खाटकाच्या बोटावर काळा पडणारा, भोवती सूज असलेला, न दुखणारा व्रण दिसला तर तो मावा समजून घरी बसायचं नाही. तो अँथ्रॅक्स म्हणजे फाशी असू शकतो आणि त्याला त्याच दिवशी औषध लागतं. अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळपट रक्त आलेलं जनावर स्वस्तात मिळालं तरी सुरी लावू नका. उघडूच नका.

लिव्हर कुत्र्यांना टाकणं आजपासून बंद. त्या पिशव्यांत फीतकृमीची पिल्लं असतात, कुत्र्याच्या आतड्यात ती मोठी होतात, अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या लिव्हरवर तशाच पिशव्या. दुकानाबाहेर जी चार कुत्री तुमच्यावर प्रेम करतात आणि ज्यांना पोरं कुरवाळतात, तीच मधली कडी. लिव्हर जाळा, नाहीतर खोल पुरा.

आणि हात कापला की हळद दाबून काम चालू, हे तुमच्याकडेही असणारच. धुऊन, पट्टी लावून, वर हातमोजा. धंदा सांभाळूनही एवढं होतं.

छत्रीबाग

मग कोंबडी बरी म्हणायची.

स्नेहलतागंज

२०२१च्या सुरुवातीला डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते, आठवतं का? भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन८ सांगितला होता. पुढच्याच महिन्यात रशियाने कळवलं की तिथे पोल्ट्रीतल्या कामगारांना तोच सापडला, माणसात पहिल्यांदाच. सौम्य होता, पण कुणाला सापडला ते बघा. शिजवलेली कोंबडी खाणाऱ्याला नाही.

राऊकर

उशिरा लिहितोय, धावपळ चालली होती. सगळ्यांचे आभार.

बाबांना मोठ्या फिजिशियनकडे नेलं. मी आधी ‘आमच्या बकऱ्या गाभडल्या आहेत’ म्हटलं, डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मग बराच वेळ नुसते बकऱ्यांचेच प्रश्न. रोझ बंगाल पॉझिटिव्ह, एसएटी १:६४०. कंबरेचा एमआरआय केला, दोन मणक्यांच्या मधे सूज आहे, त्यामुळे औषध तीन महिने तरी चालेल म्हणाले. ताप उतरला आहे. वहिनीची टेस्ट निगेटिव्ह आली, पुन्हा एकदा करायची आहे. सध्या तिला माहेरी देवासला पाठवलं.

डॉक्टरसाहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं. पोरगा बडवानीकडचा आहे, पाटीच्या बाजूचा. भगोरियाच्या मेळ्यासाठी गावी गेला आणि परत आला नाही. आम्ही समजलो दुसरीकडे काम धरलं. तुम्ही विचारलंत म्हणून फोन केला. आधी म्हणाला सब ठीक आहे. मग म्हणाला थोडा बुखार येतो, जातो, मेडिकलवाल्याकडून गोळी घेतो. बऱ्याच वेळाने, बायको आसपास नाही बघून, सांगितलं की एका बाजूची गोटी सुजली आहे, चालता येत नाही, आणि हे कुणाला सांगू नका. त्याला वाटलं होतं की हे दुसऱ्याच कशाचं आहे आणि लोक भलतंच समजतील. वय बावीस. गाडी पाठवून आणलं, एमवाय हॉस्पिटलला दाखवलं, त्याचंही पॉझिटिव्ह. दोघांच्या गोळ्यांचे डबे आता आमच्याकडे एकाच फळीवर आहेत, आणि बाबा त्याला वेळेवर घ्यायला लावतात, स्वतः टाळाटाळ करतात.

जेलरोड

पोराबद्दल वाचलं म्हणून लिहितो, मी कामगारांच्या केसेस बघतो. १९२३च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला व्यावसायिक आजारांची यादी जोडलेली होती. तिच्यात पहिलीच नोंद संसर्गजन्य आजारांची, आणि तिथे जनावरं, त्यांची मढी, मढ्यांचे भाग हाताळण्याचं काम स्पष्ट लिहिलं होतं. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कायद्यातही तेच होतं, त्यांच्या जागी आलेल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही यादी आहे. म्हणजे कत्तलखान्यातला, डेअरीतला, चामड्याच्या कामावरचा माणूस ब्रुसेलाने आजारी पडला तर तो नुसता ‘त्याचा ताप’ राहत नाही. इतक्या वर्षांत या नोंदीखाली माझ्याकडे एकही माणूस आलेला नाही, कारण कागदावर सगळ्यांना टायफॉईड असतो. मुंडीपाया, तुमच्या वजडीवाल्या बायकांनाही हे सांगा.

राऊकर, एका गोठ्यावरच्या एका पोराला हा कायदा लागतो का यावर वकील हवं तेवढं भांडतील. तुम्ही त्या भांडणाची वाट बघू नका. औषधाचा खर्च आणि बसल्या दिवसांची मजुरी द्या, आणि रिपोर्ट त्याच्या स्वतःच्या हातात द्या, तुमच्या फाईलमध्ये नको.

राऊकर

मजुरी चालू आहे. रिपोर्टचं सुचलं नव्हतं, उद्या देतो.

आता बकऱ्या. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाईनला फोन केला होता, गाडी आली, सगळ्या माद्यांचं रक्त घेऊन गेले. पाच पॉझिटिव्ह, त्यातल्या तीन मंडीतल्या. वेगळ्या बांधल्या आहेत. मागच्या खड्ड्यात पिल्लं टाकली होती ती कुत्र्यांनी उकरली आहेत, तिथे काय करू? आणि या पाचांचं काय?

गुरांचा डॉक्टर

खड्ड्यावर चुना भरपूर पसरा, वर दोन-तीन फूट माती, वर काटे. पुढे कुठलीही गाभडली तर पिल्लू, वार आणि खालचा भुसा सगळं एकत्र चुन्यात, आणि उचलणाऱ्याच्या हातात खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे मोजे. कृत्रिम रेतनवाल्यांकडे मिळतात, पेटीच घेऊन ठेवा. तोंडावर मास्क, डोळ्यावर चष्मा. जागा फिनाईलने किंवा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा, नुसत्या झाडूने धूळ उडवू नका.

पाचजणींवर औषधोपचार करायच्या फंदात पडू नका, जंतू जात नाही आणि पैसे जातात. ठेवून उपयोग नाही, आणि पाळायला म्हणून तर कुणालाही द्यायच्या नाहीत. काढायच्या असतील तर तुमच्या पशुचिकित्सालयातल्या डॉक्टरांना विचारून, कापण्यासाठीच, आणि कापणाऱ्याला आधी सांगून. कास आणि गर्भाची पिशवी न फोडता वेगळी काढून पुरली पाहिजे. बाकीच्यांचं रक्त महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा घ्या, एकदा निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलं असं नाही. नवीन बकरी तपासल्याशिवाय कळपात सोडायची नाही, मंडीवाला किती का शपथा घेईना.

आणि तुम्ही लिहिलंय ‘सगळ्या माद्यांचं’ रक्त घेतलं. बोकड राहिला. त्याचंही घ्या, तोवर त्याला वेगळा बांधा.

मुंडीपाया

राऊकर, त्या पाच बकऱ्या माझ्याकडे पाठवायच्या असतील तर आधी फोन करा. मोजे मागवले आहेत, ते आल्यावरच.